मरणाची तयारी आणि न्यायाचा दिवस: तुमच्या घरी हे कसं होतं?

शेवंती_नगर

सर्वांना जयख्रिस्त आणि नमस्कार.

ख्रिस्ती माणसानं मरणाची तयारी करायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे इथल्या जाणत्यांना विचारायचं आहे. आमचं घर नगरकडचं, पिढ्यान्‌पिढ्या प्रोटेस्टंट. दफनविधीला पाळकसाहेब वाचतात की माणसाला एकदाच मरणं आणि त्यानंतर न्याय होणं नेमलेलं आहे (इब्री ९:२७). त्याच उपासनेत थोड्या वेळानं सांगतात की आपली बहीण आता प्रभूजवळ विसावली आहे. मग न्याय झाला की व्हायचा आहे? आणि तारण कृपेनं असेल तर न्याय कशाचा?

विचारायचं कारण माझी आत्या. वय ८६, आमच्याकडेच असते. मंडळीत तिच्याइतकं शास्त्र पाठ असलेलं माणूस नाही. नेसवायची साडी, म्हणायची गीतं, शवपेटीचे पैसे, सगळं तिनं कधीच काढून ठेवलंय. तरी हल्ली रात्र रात्र जागी असते. न्यायाच्या दिवशी सगळ्यांच्या कृत्यांची पुस्तकं उघडतील असं शास्त्रात आहे, त्यावरून 'पुस्तकं उघडतील तेव्हा काय निघेल गं?' असं विचारते. मी धीर देते, पण तो तिला पुरत नाही.

तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी हा काळ कसा काढला? मनापासून लिहा.

दीपस्तंभ

ताई, शास्त्रात उत्तर स्पष्ट आहे. जो माझं वचन ऐकतो आणि विश्वास ठेवतो त्याच्यावर न्यायाचा प्रसंग येणार नाही, तो मरणातून जीवनात पार गेला आहे, असं प्रभू म्हणतो (योहान ५:२४). ख्रिस्त येशूमध्ये असलेल्यांना दंडाज्ञा नाही (रोम ८:१). आत्यांना ही दोन वचनं मोठ्यानं वाचून दाखवा. तयारी वधस्तंभावर झालेली आहे, आपण ती फक्त स्वीकारायची.

खारफुटी

मी वसईची, कॅथलिक. आमच्याकडे याचं उत्तर दोन टप्प्यांत देतात. माणूस मेला की त्याच क्षणी त्याचा एकट्याचा न्याय होतो. आणि ख्रिस्त पुन्हा येईल तेव्हा सगळ्या जगाचा शेवटचा न्याय, तोही देहाच्या पुनरुत्थानासह. त्यामुळे 'विसावली' आणि 'न्याय व्हायचा आहे' ही दोन्ही वाक्यं आम्हाला एकमेकांच्या आड येत नाहीत. मध्ये शुद्धिस्थान आहे. देवाशी मैत्रीत मेलेला, पण अजून पुरता निर्मळ न झालेला आत्मा तिथं शुद्ध होतो, आणि जिवंतांच्या प्रार्थनेचा त्याला उपयोग होतो.

तयारीचं म्हणाल तर आम्हाला ती घरात शिकवलेली असते. माझ्या आजोबांचं शेवटचं आजारपण लांबलं. फादर घरी आले, आधी आजोबांचं पापनिवेदन झालं, तेव्हा आम्ही सगळे ओट्यावर. मग कपाळाला आणि तळहातांना तेल लावलं आणि शेवटी ख्रिस्तशरीर (प्रभुभोजनाची भाकर) दिलं. पूर्वी हे तेल अगदी घरघर लागल्यावरच लावायचे, म्हणून फादर पिशवी घेऊन गल्लीत शिरले की बायका रडायला लागायच्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ते बदललं. १९७२ साली सहाव्या पोप पॉलनी नवा विधी दिला आणि तो आजाऱ्यांसाठीचा संस्कार झाला. मोठ्या ऑपरेशनआधीसुद्धा घेता येतो, पुन्हा घेता येतो. आजोबांनी तो घेतला आणि त्यानंतर बरेच महिने जगले. त्या महिन्यांत मी त्यांना जितकं मोकळं पाहिलं तितकं आधी कधीच नाही.

दीपस्तंभ

@खारफुटी, आदर ठेवून सांगतो, शुद्धिस्थान आमच्या बायबलात नाही. त्यासाठी मक्काबींच्या पुस्तकाचा आधार देतात, ते प्रोटेस्टंट बायबलच्या बाहेर आहे.

खारफुटी

दादा, आमच्या बायबलात ते आहे. शेवंतीताईंना आत्ता तो वाद कामाचा नाही, म्हणून इथंच थांबते.

हर्षल_लोणी

न्यायाचा विषय निघाला की मला लहानपण आठवतं. आमच्या मंडळीत एका उन्हाळी शिबिरात ख्रिस्ताच्या दुसऱ्या आगमनावर, म्हणजे तो पुन्हा येऊन आपल्या लोकांना वर नेईल यावर, संदेश झाला होता. शेतात दोघं असतील, एक घेतला जाईल, एक ठेवला जाईल. काही दिवसांनी शाळेतून आलो तर घर उघडं, चुलीवर दूध उतू चाललंय आणि आई कुठंच नाही. मी समजलो सगळे वर गेले, मीच राहिलो. मोठ्यानं रडत गल्लीभर पळालो. आई शेजारी मीठ मागायला गेली होती.

आज हसतो आम्ही दोघं, पण सात-आठ वर्षांच्या पोराला अशी भीती घालू नये, असं माझं ठाम मत आहे. माझ्या मुलांना मी आधी हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली.

मोगरा७

हर्षल, सेम टु सेम! आमच्याकडे दूध नव्हतं, कुकर होता. शिट्ट्या चालू आणि माणूस नाही.

शब्बाथ_सकाळ

मी ॲडव्हेंटिस्ट आहे, पुण्यातला. आमची समजूत या दोन्हींपेक्षा वेगळी आहे. मेलेला माणूस झोपलेला असतो, त्याला काही कळत नाही (उपदेशक ९:५). स्वर्गात नाही, नरकात नाही, शुद्धिस्थानात नाही. प्रभू हाक मारील तेव्हा उठेल. येशूचा मित्र लाजरस मेला तेव्हा येशूनंही तो झोपला आहे असंच म्हटलं. आम्ही अनंतकाळच्या नरकयातनाही मानत नाही, दुष्टांचा शेवटी नाश होतो, ते जळत राहत नाहीत.

भीतीबद्दल हर्षल म्हणतात ते पटतं, आणि आमच्या पंथाला त्याचा इतिहासही आहे. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या शिकवणीवरून हजारो लोक २२ ऑक्टोबर १८४४ या दिवशी प्रभूची वाट पाहत होते. काहींनी शेतातली पिकं काढलीच नाहीत. रात्र सरली, काही झालं नाही, माणसं कोलमडली. त्यातूनच पुढं आमची मंडळी उभी राहिली, आणि तारीख ठरवायची नाही हे आम्ही पक्कं शिकलो. तरी २०११ साली अमेरिकन रेडिओ-उपदेशक हॅरॉल्ड कॅम्पिंगनी पुन्हा २१ मे ही तारीख दिलीच. तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही असं मत्तय २४ मध्ये लिहिलंय, मग आपण कोण?

दूर्वा

मी ख्रिस्ती नाही, पण धागा सोडवत नाहीये. आमच्याकडे आजी गेली तेव्हा घरात गरुडपुराण लावलं होतं. यमाच्या वाटेची वर्णनं ऐकून मीही बरेच दिवस दिवा लावून झोपत होते, त्यामुळे हर्षल यांचं अगदी समजलं.

एक प्रश्न: दहन केलं तर ख्रिस्ती माणसाला पुनरुत्थानाची अडचण येते का? माझी एक कॅथलिक मैत्रीण वडिलांना दहन करून आली, पण नातेवाइकांनी तिच्याशी बोलणं टाकलं.

खारफुटी

दूर्वा, १९६३ पासून कॅथलिक चर्चची दहनाला परवानगी आहे. पुनरुत्थान नाकारण्यासाठी म्हणून दहन करू नये, एवढीच अट. देवानं मातीतून माणूस केला, त्याला राखेची काय अडचण? २०१६ मध्ये रोमनं असंही सांगितलं की राख पाण्यात, वाऱ्यावर सोडू नये, घरातही ठेवू नये, पवित्र जागी ठेवावी. तुमच्या मैत्रिणीनं काहीही गैर केलेलं नाही, तिला जरूर सांगा. दफनाला पहिली पसंती मात्र अजूनही आहे, कारण प्रभूला कबरेत ठेवलं होतं.

भायखळा_लोकल

मुंबईत हा प्रश्न जागेचाही आहे. आमच्या पॅरिशला (आमच्या भागातल्या चर्चला) कायमची कबर आता मिळतच नाही. ठरावीक काळानं अस्थी काढतात आणि भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, बाहेर नावाची फरशी. माझे आजी-आजोबा एकाच कोनाड्यात आहेत.

मार्च २०२० मध्ये महापालिकेनं कोविडच्या सगळ्या मृतदेहांचं दहनच करायचं असं परिपत्रक काढलं आणि ते त्याच दिवशी बदललं. ते काही तास आमच्या फोनवर नुसता आकांत होता. पुढं ज्यांना पुरलं त्यांनाही घरच्यांची माती मिळाली नाही. माझ्या मावशीला चर्चमध्ये आणताच आलं नाही. मिस्सा (चर्चमधली प्रभुभोजनाची उपासना) आम्ही मोबाइलवर पाहिली. मरणाची तयारी वगैरे जे आपण बोलतोय ना, ती करायला वेळ मिळणं हीच त्या वर्षी मोठी गोष्ट होती.

रात्रपाळी

मी नर्स आहे, शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या वॉर्डात बरीच वर्षं काढली. स्वतः सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीची.

दीपस्तंभदादा, वचनं खरी आहेत. पण माझा अनुभव असा की घाबरलेल्या माणसाला लगेच वचन दिलं की तो गप्प बसतो, भीती तिथंच राहते. आपण मात्र समाधानानं घरी जातो. रात्री दोन-तीनच्या सुमाराला रुग्ण जे बोलतात त्यात नरक फार कमी असतो. मुलगा येणार का, दिराशी बोलणं तुटलंय, कोणाचे पैसे द्यायचे राहिलेत, कोणाला तरी एक वाईट शब्द बोललेला असतो, हेच असतं. एका बाईंनी मला पन्नास वर्षांपूर्वीची सवतीची गोष्ट सांगितली आणि सकाळी शांत गेल्या.

शेवंतीताई, आत्यांना विचारा, पुस्तकात काय निघेल असं त्यांना वाटतंय? आणि मग ऐकून घ्या. मध्ये बोलू नका. रात्रीच विचारा, दिवसा माणसं शूर असतात.

वकीलबाई_सातारा

रात्रपाळी यांनी पैशांचं काढलं म्हणून लिहिते. मृत्युपत्र करा. हाही तयारीचाच भाग आहे आणि आपल्या समाजात त्याची अक्षम्य हेळसांड होते. आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. आणि ज्याला काही द्यायचंय त्याला किंवा त्याच्या नवराबायकोला साक्षीदार करू नका, त्याला दिलेलं रद्द होतं, बाकी मृत्युपत्र टिकतं.

दानाबद्दलही गैरसमज आहे. याच कायद्याच्या ११८ व्या कलमानुसार जवळचे नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती माणसाला धर्मादाय कामासाठी मालमत्ता द्यायची तर मृत्यूच्या किमान १२ महिने आधी मृत्युपत्र करावं लागे. म्हणजे मरणाची तारीख ठाऊक असल्यासारखं! केरळच्या एका धर्मगुरूंच्या याचिकेवर २००३ साली सर्वोच्च न्यायालयानं हे कलम घटनाबाह्य ठरवलं. आता अनाथाश्रमाला द्या, मंडळीला द्या, अडचण नाही. गोव्यात नियम निराळे, तिथं मुलं असतील तर निम्म्या मालमत्तेपुरतंच मृत्युपत्र करता येतं.

मांडवीकाठ

गोव्याचं बरोबर आहे. आमच्या घरात त्याच निम्म्यावरून अजून दोन भाऊ वेगवेगळ्या मिस्साला जातात.

दीपस्तंभ

वकीलबाई, माहिती उपयोगी आहे, पण विषय आत्म्याचा आहे. मृत्युपत्रानं कोणी स्वर्गात जात नाही.

जुनी_पानं

दीपस्तंभ, इथं प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणारा मार्टिन ल्यूथरच तुमच्याशी असहमत होईल! १५१९ साली त्यानं मरणाच्या तयारीवर एक प्रवचन लिहिलं. त्यातला पहिलाच मुद्दा असा आहे की माणसानं आपल्या मालमत्तेची नीट व्यवस्था लावावी, म्हणजे मागे नातेवाइकांत भांडणं होणार नाहीत. दुसरा मुद्दा, ज्यांनी आपल्याला दुखावलं त्यांना क्षमा करावी आणि ज्यांना आपण दुखावलं त्यांची क्षमा मागावी. कृपा, विश्वास, प्रभुभोजन, सगळं त्याच्या पुढं येतं. कृपेनं तारण हे ज्यानं जन्मभर सांगितलं तो माणूस तयारीची सुरुवात घरातल्या पेटीपासून करतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

त्याच्याही शंभर वर्षं आधी, १४१५ च्या सुमारास, युरोपात चांगलं मरण कसं यावं यावर एक छोटी लॅटिन पुस्तिका निघाली. प्लेगनं गावंच्या गावं गेली होती, मरणाऱ्याजवळ यायला धर्मगुरूही उरले नव्हते, म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळावं अशी ती केलेली. पुढं तिची चित्रांची आवृत्ती फार पसरली. खाटेवर माणूस पडलाय आणि भोवती मोहात पाडणारे दुष्टात्मे. मोह पाच सांगितलेत: विश्वास सुटणं, निराशा, अधीरता, आपल्या पुण्याचा गर्व आणि मालमत्तेचा लोभ. प्रत्येक मोहाला उत्तर म्हणून देवदूताचं एक चित्र.

शेवंतीताई, निराशेचं चित्र तुमच्या आत्यांसाठी आहे. दुष्टात्मा म्हणतो, बघ तुझी पापं. मग देवदूत येतो. तो पापं नाकारत नाही, वाद घालत नाही. तो खाटेभोवती क्षमा मिळालेली माणसं उभी करतो: कोंबडा आरवायच्या आत प्रभूला तीनदा नाकारलेला पेत्र, त्या कोंबड्यासकट. मग्दालिया मरिया. घोड्यावरून पडलेला पौल. आणि येशूच्या शेजारी वधस्तंभावर, शेवटच्या घटकेला पश्चात्ताप केलेला चोर.

निराशा भाविक माणसाला गाठते हे त्या लोकांना ठाऊक होतं. आत्यांचा विश्वास कमी पडतोय असं कृपा करून कोणी त्यांना म्हणू नये.

मोगरा७

जुनी_पानं, हे वाचून अंगावर काटा आला. _/\_

केडगाव_चौफुला

आमच्या केडगावचं एक उदाहरण. पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली. निराधार बायकांसाठीच्या मुक्तिमिशनचा सगळा भार पुढं तिच्यावरच द्यायचा असं ठरलेलं होतं. रमाबाईंची स्वतःची प्रकृती ढासळलेली, ऐकू येणं कमी झालेलं. तरी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून चाललेलं बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. छापलेलं पूर्ण बायबल १९२४ साली आलं, त्यांनी ते हातात घेतलं नाही.

माझी आई म्हणायची, धनी येईल तेव्हा जो कामात सापडेल तो धन्य, हे वचन समजायचं असेल तर रमाबाईंकडे बघ. मलाही तयारी म्हणजे हीच वाटते. रोजचं नेमून दिलेलं काम.

हर्षल_लोणी

मत्तय २५ मध्येही तेच आहे की. न्यायाच्या दिवशी लोकांना मेंढरं आणि शेरडं यांसारखं वेगळं करताना राजा कोणाला श्रद्धेचे प्रश्न विचारत नाही. भुकेल्याला खायला दिलंस का, तुरुंगात भेटायला आलास का, एवढंच विचारतो. आणि नीतिमान लोकांना आपण हे केल्याचं आठवतसुद्धा नाही! प्रभू, आम्ही तुला कधी भुकेला पाहिलं, असं ते उलट विचारतात.

दीपस्तंभ

हर्षल, कृत्यं हे विश्वासाचं फळ आहे, तारणाचं कारण नाही, एवढं सांभाळा. बाकी सहमत. आपल्या सर्वांना ख्रिस्ताच्या न्यायासनापुढं उभं राहायचं आहे हे २ करिंथ ५:१० मीही मानतो. आणि जुनी_पानं, ल्यूथरचं ते प्रवचन मी शोधून वाचतो.

शेवंती_नगर

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! रात्रपाळीताई, तुम्ही सांगितलं तसं केलं. रात्री तिच्या खाटेवर जाऊन बसले आणि विचारलं. बराच वेळ ती काही बोलली नाही.

भीती तिच्या स्वतःच्या नावाची नाहीच. तिचा धाकटा भाऊ, माझे लहाने काका, तरुणपणी मंडळी सोडून गेले. दारू लागली, देवाचं नाव काढलं की शिव्या द्यायचे. ते गेले तेव्हा आत्यानं सगळ्यांसमोर 'त्याचा निवाडा त्यानंच करून घेतला' असं म्हटलं होतं. आता म्हणते, 'पुस्तकात त्याचं नाव नसलं तर मी तिथं आनंदात कशी राहू? आणि मी बोलले ते वाक्य निघालं तर?'

मी जुनी_पानं यांनी लिहिलेलं चित्र सांगितलं. पेत्राचा कोंबडा तिला फार आवडला. चोराबद्दल म्हणाली, त्याची आई तिथं खाली गर्दीत असेल तर तिला काय वाटलं असेल! हा विचार माझ्या कधी मनात आला नव्हता.

आता तुम्हीच सांगा, काकांबद्दल तिला काय सांगू?

खारफुटी

ताई, आम्ही अशा वेळी नावानं मिस्सा देतो. नोव्हेंबरचा सगळा महिना मृतांचा, २ तारखेला सगळं गाव दफनभूमीत असतं, कबरी धुतात, फुलं-मेणबत्त्या लावतात. ज्यांचं कोणी उरलं नाही त्यांच्या कबरीवरही कोणीतरी मेणबत्ती लावतं. तुमच्याकडे मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत हे मला माहीत आहे. काकांचं नाव मला व्यनिमधून (खासगी निरोपातून) कळवा, मी देईन मिस्सा. आत्यांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

शब्बाथ_सकाळ

आमच्या समजुतीनं काका आत्ता कुठल्याही यातनेत नाहीत, झोपलेत. आत्यांना एवढं तरी सांगता येईल.

दीपस्तंभ

शेवंतीताई, यावर मी दोन दिवस लिहिलं नाही, प्रार्थना केली. मृतांसाठी प्रार्थना मी करणार नाही, ते माझ्या विश्वासात बसत नाही. पण शेवटच्या श्वासात त्या माणसाच्या आणि देवाच्या मध्ये काय घडलं हे कोणालाच दिसलेलं नाही. चोराचा पश्चात्तापही कोणी लिहून ठेवला नसता तर जगाला कळला नसता. न्यायाधीश आत्या नाहीत, मी नाही. न्यायाधीश तो आहे ज्यानं मेलेल्या मित्राच्या कबरेसमोर अश्रू गाळले. आत्यांना माझा सलाम सांगा.

रात्रपाळी

आत्या जे वाक्य बोलल्या ते कोणासमोर बोलल्या? काकांची बायको-मुलं आहेत का?

शेवंती_नगर

काकू आहेत, श्रीरामपूरला असतात. त्यांच्यासमोरच बोलली होती. तेव्हापासून जाणं-येणं नाही. काल मी आत्याला विचारलं, फोन लावू का? आधी नको म्हणाली, मग म्हणाली फोनवर असलं काही बोलायचं नसतं, मला घेऊन चल. डॉक्टरांना विचारलंय, गाडीनं सावकाश न्या म्हणालेत. येत्या शनिवारी निघतोय. काकूंना अजून कळवलेलं नाही, मला धीर होत नाहीये. कोणी असं केलंय का? आधी कळवावं की थेट जावं?

मांडवीकाठ

कळवा. न कळवता गेलात आणि त्यांनी दार लावून घेतलं तर आत्यांना सोसायचं नाही.

भायखळा_लोकल

+१. आणि फोन तुम्ही करा, मधल्या माणसाकडून निरोप नको.

वकीलबाई_सातारा

कळवाच. आणि घराच्या, जमिनीच्या गोष्टी त्या दिवशी कोणी काढल्या तरी तुम्ही काढू नका. त्याला वेगळा दिवस ठेवा, हवी तर मी कागद बघून देईन.

शेवंती_नगर

केला फोन. काकू बराच वेळ गप्प होत्या, मग विचारलं, 'आत्याबाईंना मऊ भात चालतो ना?' जेवायला थांबायचं म्हणाल्या. शनिवारी जाऊन आल्यावर लिहीन.

मोगरा७

शेवंती, वाट बघतेय. आत्यांसाठी गाडीत उशी आणि चादर घ्या, त्या रस्त्याला खड्डे फार आहेत.